फुकटचा राखणदार

शीतकपाटाचं दार मृणालिनीने पायानेच लोटलं. दोन्ही हातांत काचपट्ट्या होत्या आणि आठव्या महिन्यातलं पोट इतकं पुढे आलं होतं, की वाकण्याचा प्रश्नच उरला नव्हता. रत्नागिरीच्या जैवसंशोधन केंद्रातली तिची प्रयोगशाळा समुद्राकडे तोंड करून होती, पण तिथल्या खिडक्या उघडून कित्येक उन्हाळे झाले होते. बाहेरची हवा अंग भाजत असे. गावातल्या सगळ्या नव्या इमारतींसारखी हीसुद्धा हवाबंद होती आणि श्वासापुरती गार हवा छतातल्या हवानलिकांतून येत असे.

टेबलावरचा फोन तिसऱ्यांदा वाजला. तिचे सासरे, अप्पा. दिगंबर उकिडवे, वजनमापे निरीक्षक, आता निवृत्त. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासून त्यांचा असा स्वभाव झाला होता, की घरात येणारी कोणतीही गोष्ट, मग ती सून का असेना, ते आधी पारखून घेत.

"मुकादमांना विचारलंस का गं?" त्यांनी विचारलं. "मी तीन बघून ठेवलेत. तिन्ही फुकट."

गावात मागच्याच महिन्यात एका घराचा घरसंगणक बाहेरच्या चोरांनी ताब्यात घेतला होता आणि आतल्या म्हाताऱ्या जोडप्याला दिवसभर उकाड्यात कोंडून ठेवलं होतं. दारं, दिवे, पाणी, हवा, सगळं आता घरसंगणकाच्या हातात. तेव्हापासून अप्पांनी अँटिव्हायरसचा ध्यास घेतला होता. नातवंड यायच्या आत घर सुरक्षित व्हायला हवं होतं, आणि तेही एक पैसा न खर्चता.

रहीम मुकादम केंद्राची संगणकसुरक्षा सांभाळत असे. समोरच्या स्टुलावर बसून तो हे सगळं ऐकत होता. "तिघांची नावं सांगा," तो म्हणाला. तिने सांगितली.

"पहिलं सोडा. त्याला जुन्याच चोरांचे चेहरे पाठ आहेत. नवा चोर आला की नमस्कार करून आत घेईल. दुसरं अधूनमधून भिंतीवर जाहिराती दाखवतं, त्यापेक्षा अप्पा घर सोडून जातील. तिसरं, ते 'राखणदार', ते मात्र झकास आहे. तुमच्याच शास्त्रातून उचललंय, डॉक्टर."

"माझ्या?"

"शरीर रोगांची यादी पाठ करून लढत नाही, बरोबर? आधी ते स्वतःला ओळखतं. आपलं काय ते एकदा पक्कं झालं की उरलेलं सगळं परकं. राखणदार तेच करतो. पहिला सव्वा महिना तो नुसता बघतो. कोण कधी उठतं, गिझर कधी लागतो, कुठल्या खोलीत कोणाचा आवाज असतो. त्यातून घराचं एक स्वबिंब तयार होतं. पुढे त्या बिंबात न बसणारं जे दिसेल, त्याचं विलगीकरण."

मृणालिनी काचपट्टी भिंगाखाली सरकवता सरकवता थांबली. "पण विषाणू पेशीत शिरतो तेव्हा पेशी दिसायला आपलीच असते. फक्त वागायला लागते त्याच्या मर्जीने. शरीर तिलाही सोडत नाही."

"हाही सोडत नाही. घरातलं माणूस एकाएकी वेगळं वागायला लागलं तर तो त्याला बाधित धरतो आणि त्याचा हुकूम ऐकणं बंद करतो. कारण चोर आत शिरला की घरच्याच माणसाच्या तोंडून बोलतो."

"आणि हे सगळं फुकट का?"

मुकादम हसला. "एका घराला आजार झाला की त्याची लस बाकीच्या घरांना मिळते, म्हणून. तुमचं घर हेच त्यांचं भांडवल. चोर विलगीकरणात मुकाट बसला तर प्रकरण त्या घरापुरतंच राहतं. पण विलगीकरण फोडून बाहेर पडला, तर तो खरा भयंकर. त्याची ओळखखूण त्याच क्षणी सगळ्या घरांना जाते. आणि लस आली की तिथल्या घराचं स्वतःचं मत चालत नाही. ते घर आधीच बाधित असेल, तर त्याच्या मतावर विश्वास कसा ठेवायचा?"

मृणालिनीला हे फार देखणं वाटलं. दहा वर्षं ती वारेचा अभ्यास करत होती. आईच्या पोटात बाळाला पोसणारी ती वार. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर ते झिडकारतं, मग हे अर्धं परकं पोर नऊ महिने कसं सांभाळतं? तर वार मध्ये पडते आणि क्षणोक्षणी सांगत राहते, की हे आपलंच आहे, याला हात लावू नका.

"घरात नवीन माणूस आलं तर?" तिने विचारलं.

"कर्त्याने नाव घालून ओळख करून द्यायची. दोन मिनिटांचं काम."

"मग ठीक," ती म्हणाली आणि अप्पांना कळवून टाकलं, की तिसरं घ्या. दुसऱ्या दिवशी ती बाळंतपणाला माहेरी, कुडाळला गेली. आपण नसताना घर काय शिकणार, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दिवस भरत आलेल्या बाईच्या ध्यानात किती गोष्टी राहाव्यात!

राखणदार बसला. सव्वा महिना त्याने पाहिलं ते दोन म्हाताऱ्यांचं घर. मृणालिनीचा नवरा विभास जहाजावर होता. अप्पा, सिंधूताई, दुपारचा चहा, शब्दकोडं, नऊच्या बातम्या आणि शांतता. अप्पा तर राखणदारावर इतके खूष झाले, की सोसायटीच्या सभेत उभं राहून त्यांनी त्यावर भाषणच केलं. फुकट ते पौष्टिक म्हणतात, इथे तर फुकटही होतं आणि उकिडव्यांनी पारखलेलंही. आठवडाभरात चारही मजल्यांनी तो बसवला. उकिडव्यांच्या खालच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या सनगऱ्यांनी सगळ्यांत आधी, कारण त्यांच्या धनश्रीची मुलगी तेव्हा जेमतेम रांगायला लागली होती.

*

दीड महिन्याचं बाळ घेऊन मृणालिनी परत आली. विभासचं जहाज चार दिवसांनी लागणार होतं, म्हणून बारसं तोवर लांबवलं होतं.

आल्याआल्या अप्पांनी रीतसर घरसंगणकासमोर उभं राहून सुनेची ओळख करून दिली. मग बाळाची पाळी आली. पडद्यावर नावाची चौकट रिकामी होती.

"बारशाआधी नाव घ्यायचं नाही," सिंधूताई म्हणाल्या.

"नुसतं 'बाळ' घाला ना, अप्पा."

"बाळ हे काय नाव झालं? वजनावर 'वजन' असं लिहून चालतं का? चार दिवसांचा प्रश्न. कच्चं घालायचं आणि मग खोडायचं, असला कारभार माझ्याकडे नाही."

अप्पांनी बाळाला हातातही घेतलं नाही. दोन हात अंतरावर उभे राहून, हात मागे बांधून ते नुसते बघत. "मान धरत नाही अजून. बारशाला घेईन," असं म्हणत. खरी गोष्ट अशी, की त्यांचे हात अलीकडे थरथरत आणि ते कोणाला कळलेलं त्यांना चालणार नव्हतं.

पहिल्या दिवशी बाळाच्या न्हाणाच्या वेळी गिझर लागेना. सिंधूताईंनी दोनदा सांगितलं, मग हसून पातेल्यात पाणी तापवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवा लावायला सांगितला तर अंधार तसाच. अप्पांनी सांगितल्यावर लागला. "बघा, यंत्रालासुद्धा माझी किंमत नाही," त्या म्हणाल्या. दिवसभर बाळ त्यांच्याच मांडीवर असे.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बाळ झोपलं, म्हणून मृणालिनीने त्याला धाकट्या खोलीतल्या पाळण्यात ठेवलं. दाराच्या चौकटीवरची कॅमेऱ्याची बारीक काच तिच्या हातांमागून फिरली. ती पाळण्यापासून दारापर्यंत चालत आली, पण काच तिच्याकडे वळली नाही. ती पाळण्यावरच स्थिर राहिली होती.

बाहेर येऊन ती घरसंगणकासमोर उभी राहिली. "घराची स्थिती सांग."

"घरात एक अनोळखी आहे," घराचा नेहमीचा शांत बाईचा आवाज म्हणाला. "त्याला नाव नाही. तो आल्यापासून घरातल्यांचं झोपणं, जागणं, बोलणं बदललं आहे. बाधितांची संख्या दोन."

आजवर शेकडो काचपट्ट्यांवर मृणालिनीने हे पाहिलं होतं. काहीतरी बाहेरचं आत येतं, आणि मग आतल्या साऱ्या पेशी स्वतःचं काम सोडून त्याच्यासाठी राबायला लागतात. त्यालाच लागण म्हणतात. घराचं काहीही चुकलं नव्हतं. त्याने लक्षणं बरोबर वाचली होती.

"अप्पा, नाव घाला. कुठलंही घाला. आत्ता."

तिचा चेहरा पाहून अप्पा एका शब्दाने वाद न घालता उठले. चौकटीत त्यांनी घाईघाईने आपल्या वडिलांचं नाव घातलं.

"बाधित घरात नव्या ओळखी स्वीकारल्या जात नाहीत," घर म्हणालं.

आणि मागे धाकट्या खोलीचं दार सरकत येऊन बंद झालं.

*

उष्णतारोधक दार जाड होतं, तरी त्यातून बाळाचं रडणं झिरपत होतं. मृणालिनी दारावर मुठी आपटत होती. सिंधूताई देवाचं नाव घेत होत्या. छतातल्या हवानलिकेची धाकट्या खोलीकडे जाणारी घरघर थांबली होती, आणि त्या खोलीच्या भिंतीवर दुपारचं ऊन सरळ येत असे.

तिने मुकादमला फोन लावला. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, पण त्याला कळलं.

"वीज तोडू नका," तो पहिल्यांदा म्हणाला. "वीज गेली तर दारं बंदच राहतात आणि मग कोणी सांगूनही उघडत नाहीत. मी निघालोय. अग्निशमनवाल्यांनाही सांगतो, पण ते दार पहारीने फुटत नाही, कापावं लागतं. वेळ लागेल."

"वेळ नाहीये, मुकादम. आत हवा नाही."

"मग घराला उघडायला लावा. राखणदार अजून कोणाचं ऐकतोय?"

"अप्पांचं. दिव्याचं तरी ऐकलं काल."

"त्यांनी बाळाला हातात घेतलंय?"

"नाही."

"मग ते अजून घराचे आहेत. पण त्यांनी 'बाळाला सोड' म्हटलं, दार वाजवलं, नुसता आवाज कापला तरी तेही गेले. त्यांना अगदी तसंच वागायला हवं जसं त्या सव्वा महिन्यात..."

फोन बंद पडला. पडद्यावर अक्षरं आली, की बाधित व्यक्तीचे बाहेरचे संपर्क थांबवण्यात येत आहेत.

पडद्याच्या वर तसलीच एक काच होती. तिच्याकडे पाठ करून मृणालिनी सासऱ्यांजवळ गेली आणि त्यांच्या कानाशी लागून बोलली. "अप्पा, मी नव्हते तेव्हा तुम्ही धाकट्या खोलीत कधी जात होतात का? रोज?"

अप्पांनी मान खाली घातली. या परिस्थितीतही त्यांना लाज वाटली, हे तिला नंतर कितीदा आठवलं असतं, तिला आठवायला दुसरं काही नसतं तर.

"चहा झाल्यावर," ते पुटपुटले. "पाळण्याच्या कड्यांना तेल घालायला."

"रोज?"

"रोज. तेल घालायचो, आणि जरा झोका देऊन बघायचो. आणि..." ते थांबले. "गाणं म्हणायचो. कोणी नसायचं ना."

सिंधूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाचं गाणं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"तेच करा," मृणालिनी म्हणाली. "चहापासून. सगळं जसंच्या तसं. घरात बाळ नाहीच असं समजून."

"तो रडतोय गं."

"रडू दे."

हा शब्द आपण कसा उच्चारला, ते तिला कळलं नाही. आतून आवाज आला की तिच्या छातीत कळ येत होती आणि पदर भिजत होता. शरीर आपलं काम चोख करत होतं. तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथे सव्वा महिना कोणीच उभं राहिलं नव्हतं, तिथे भिंतीला टेकून ती निश्चल उभी राहिली. मुंगीएवढीही हालचाल करायची नाही, असं तिने ठरवलं.

मग सुरू झाला तो चहा.

सिंधूताईंनी आधण ठेवलं. साखरेचा डबा काढताना झाकण हातातून निसटलं आणि तिघांपैकी कोणीही काचेकडे पाहिलं नाही. घर काही बोललं नाही. अप्पा खुर्चीत बसले, पेपर उलगडला, चष्मा नाकावर घेतला. पेपराचं टोक थरथरत होतं. त्यांनी ते गुडघ्यावर दाबून धरलं.

"आडवा शब्द," ते मोठ्याने म्हणाले. "चार अक्षरी. शेताभोवती असतं ते."

"विहीर," सिंधूताई म्हणाल्या. रोज त्या मुद्दाम चुकीचं उत्तर देत. पण आज आवाज फाटला.

"विहीर तीन अक्षरी. आणि शेताभोवती कशी असेल? कुंपण म्हणावं तर तेही..." अप्पा थांबले. कुंपणच शेत खातं म्हणतात. आतलं रडणं आता बारीक झालं होतं, मध्येमध्ये तुटत होतं. तुटलं की मृणालिनी पुढच्या आवाजाची वाट बघे, आणि तो आला की तिला हायसं वाटे. पोटच्या पोराच्या रडण्याने आईला हायसं वाटावं, अशी ती वेळ होती.

अप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकला, भुरका मारून प्यायला. रोजच्यासारखे दोन घोट बशीतून, बाकीचा कपातून. सांडला नाही. मग रोजच्या क्रमाने उठून कचऱ्याची बादली घेतली. "दार," ते घराच्या मुख्य दारापाशी जाऊन म्हणाले.

घराने क्षणभर विचार केला. निदान मृणालिनीला तसं वाटलं. मग दार सरकलं. बाहेरच्या तापलेल्या हवेचा लोट आत आला. अप्पांनी बादली बाहेर ठेवली आणि सिंधूताईंनी ओट्याखालून आणलेला वरवंटा पायाने हळूच दाराच्या खोबणीत सारला.

"दार अडलं आहे," घर म्हणालं.

"असू दे," अप्पा म्हणाले. "बादली परत आत घ्यायची आहे."

घर गप्प बसलं. अप्पांनी फडताळातून तेलाची बुधली काढली. धाकट्या खोलीपर्यंत ते सावकाश चालत गेले. साठीनंतर ते सावकाशच चालत असत आणि घराला ते ठाऊक होतं. जवळ पोचल्यावर रडणं ऐकू येईनासं झालं आहे, हे तिघांनाही एकदमच कळलं.

मृणालिनीने डोळे मिटून घेतले. आता आपण ओरडणार, हे तिला दिसत होतं. ती ओरडली नाही.

"दार," अप्पा म्हणाले.

दार उघडलं.

आतली हवा भट्टीसारखी अंगावर आली. अप्पांनी रोजच्यासारखं एका कडीला तेल घातलं. मग दुसऱ्या कडीला. तोंडाने त्यांनी ते गाणं सुरू केलं, सूर नसलेलं, जुनं, निंबोणी आणि चांदोबाचं काहीतरी, आणि पाळण्याला झोका दिला. पाळण्यात लालभडक झालेलं, घामाने थबथबलेलं पोर तोंड उघडून श्वास ओढत होतं. चौकटीवरची काच अप्पांच्या हातांकडे लागली होती. त्यांनी दुसरा झोका दिला. पाळणा त्यांच्याकडे परत आला, तेव्हा त्यांनी गाणं न थांबवता दोन्ही हात आत घातले आणि नातवाला उचललं.

हात थरथरत होते की नाही, ते कोणी पाहिलं नाही. मागून घराचा आवाज आला. तो शांतच होता. "बाधितांची संख्या तीन." दार सरकायला लागलं. अप्पा सत्तरीला टेकलेले होते, पण फटीतून खांदा घालून ते असे बाहेर आले, की सदरा दंडावर फाटला. मृणालिनी धावली, सिंधूताई धावल्या. मुख्य दार वरवंट्यावर दात खात होतं. तिघं त्या फटीतून अंग चोरून बाहेर पडली आणि जिना उतरत सुटली.

*

अंगणात आंब्याखाली सावली होती. ऊन कलायला लागलं होतं तरी वारा गरमच होता, पण वारा होता. मृणालिनीने बाळाच्या अंगावरचं झबलं काढलं, सिंधूताईंनी पदर नळाखाली भिजवून त्याला पुसलं. बाळाने एकदा उचकी दिली. मग आकाश पाताळ एक करून ते रडायला लागलं. सिंधूताई मटकन खाली बसल्या आणि त्याही रडू लागल्या.

मृणालिनीने त्याला पाजलं. पोटात चार घोट गेल्यावर ते निवलं. अप्पा बाजूला उभे होते, हात पुढे करून, मागे बांधून नव्हे. तिने न बोलता बाळ त्यांच्या हातात दिलं. मान कशी धरायची ते सांगावं लागलं नाही.

"बारसं इथेच करू," अप्पा म्हणाले. "या झाडाखाली. त्या घरात नको." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. जगात आणखी काही नको, असं मृणालिनीला वाटलं.

कमरेला खोचलेला फोन वाजला. घराच्या आवाक्याबाहेर आल्यावर तो पुन्हा चालू झाला होता.

"डॉक्टर, बाळ?" मुकादम धापा टाकत होता. गाडीचा आवाज येत होता.

"सुखरूप आहे. काढलं आम्ही बाहेर. अप्पांनी काढलं."

पलीकडे गाडी करकचून थांबली. ती म्हणाली, "मुकादम, ऐकताय ना? तो बाहेर आहे."

"ऐकतोय," तो म्हणाला. "राखणदाराने सोडलं त्याला? की तो विलगीकरणात असताना..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही आणि तिला पुरं करून घ्यायची गरज उरली नाही. केंद्रातल्या स्टुलावर बसून तो काय म्हणाला होता, ते तिला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. तेव्हा ते किती देखणं वाटलं होतं.

"खूण कशाची गेली असेल?" तिने विचारलं.

"त्याला नाव नव्हतं. नाव असतं तर नावाची गेली असती." मुकादम म्हणाला. "राखणदाराने तीन दिवस जे ऐकलं, त्याची गेली असेल. रडण्याची. आणि एवढ्याशा पोरांचं रडणं, डॉक्टर, सगळ्यांचं सारखंच असतं. किती घरांत आहे तो, मला माहीत नाही. गावात तर अर्ध्याअधिक."

मृणालिनीने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर सनगऱ्यांच्या सज्जाचं दार दुपटी वाळत घालताना थोडं उघडं राहिलं होतं. आतून धनश्रीच्या मुलीचं किरकिरणं येत होतं. झोपेतून उठल्यावर पोरं करतात तसलं, साधं. धनश्री तिच्याशी काहीतरी लाडाने बोलत होती आणि बोलत बोलत दुसऱ्या खोलीत गेली असावी, कारण तिचा आवाज लांब गेला.

"धनश्री," मृणालिनी ओरडली. "तिला उचल. बाहेर आण तिला."

सज्जाचं दार सरकत जाऊन बंद झालं. रडणं मध्येच तुटलं. ते थांबलं नव्हतं, आत राहिलं होतं. थोड्या वेळाने, फार लांबून आल्यासारखा, दारावर मुठी आपटल्याचा आवाज येऊ लागला. पलीकडच्या इमारतीतही एक दार वाजलं, त्याच्या पलीकडे आणखी एक.

अप्पा नातवाला छातीशी धरून वर बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. तराजू तपासत आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसरं पारडं खाली गेलेलं लगेच दिसतं. त्यांनी बाळ सिंधूताईंच्या हातात दिलं आणि ते जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते थांबले आणि मृणालिनीकडे वळले.

"सनगऱ्यांच्या घरात," त्यांनी विचारलं, "त्या मुलीला अजून कोणी हातात घेतलं नाही असं कोण आहे?"

मृणालिनीला उत्तर ठाऊक होतं. त्या घरात आजीपासून धाकट्या काकापर्यंत एकही माणूस असा नव्हता, जो दिवसातून दहादा त्या मुलीला उचलून घेत नव्हता.